वणव्यानंतर मृगापर्यंत

शिमगा उलटला म्हणजे शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांतील डोंगर रात्रीचे पेटलेले दिसू लागतात. वाशिंदच्या स्टेशनावर उभे राहून माहुलीच्या बाजूस पाहणाऱ्या परगावच्या माणसास ती आगीची ओळ शोभिवंतही वाटत असेल. ज्याचे गवत, ज्याची कलमे किंवा ज्याची वाडी त्या ओळीखाली आहे त्यास ती कशी वाटते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. वणवा लागू नये म्हणून काय करावे ह्याचा उपदेश दरसाल होतो, जाळरेषा काढल्या जातात, फलक लागतात, आणि हे सर्व योग्यच आहे. परंतु वणवा येऊन गेल्यावर, घर सोडून बाहेर पडलेली माणसे परत आल्यावर पुढे काय, ह्याविषयी बोलणे जवळजवळ होतच नाही. आमचे मत असे आहे की, आग एका रात्रीत जेवढे नेते त्याहून अधिक त्या रात्रीपासून मृग निघेपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत जाते. आणि हे दुसरे नुकसान बरेचसे आपल्या हातचे आहे.

आपल्याकडील वणवा बहुधा गवताचा व पाचोळ्याचा. तो वेगाने पळतो, पण एका जागी फार वेळ थांबत नाही. शिवाय भाताची खाचरे मळणीनंतर उघडी पडलेली असल्यामुळे माणसांस व गुरांस धाव घेण्याजोगी मोकळी जमीन जवळच असते. वाडीच्या अंगावर आग आली तर मुलेबाळे व म्हातारी माणसे खाचरात किंवा भातसा, काळू, शाई ह्या नद्यांच्या पात्रांत नेता येतात, आणि दावी कापून गुरे सोडून देता येतात. म्हणून परमुलखातल्याप्रमाणे मनुष्यहानीचे भयंकर आकडे आपल्याकडे सहसा ऐकू येत नाहीत, आणि म्हणूनच आपण ह्या संकटास हलके लेखतो. सकाळी धूर ओसरला, माणसे परतली, प्रकरण मिटले, अशी समजूत होऊन बसते.

परत येणे आणि पुन्हा वसणे ह्या दोन गोष्टी किती निरनिराळ्या आहेत, हे पाहावयाचे तर कॅलिफोर्नियातील पॅराडाइज ह्या गावाची हकीकत लक्षात घेण्यासारखी आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लागलेल्या वणव्याने ते गाव काही तासांत जळाले. त्या आगीत ८५ माणसे मेली व अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. महिनाभराने लोकांस परत येऊ देण्यास आरंभ झाला. पण २०१० च्या खानेसुमारीत जेथे २६,२१८ वस्ती होती तेथे २०२० साली ४,७६४ च माणसे मोजली गेली. तो देश श्रीमंत, विमा उतरविण्याची तेथे रीत आहे, सरकारचा हातही मोठा आहे. तरीही असे झाले. कारण परतलेल्या माणसास पाणी हवे, छप्पर हवे, पोटास धंदा हवा, आणि ह्यांपैकी एकही गोष्ट रस्ता खुला झाल्याबरोबर येत नाही. कॅनडातील लिटन हे लहानसे गाव ३० जून २०२१ रोजी जळाले, आणि तेथे पहिली घरे पुन्हा उभी राहावयासच काही वर्षे लागली. आपल्या वाड्यांची घरे त्यांच्या मानाने लहान व साधी आहेत, ही आपली सोय खरी. पण आपल्यास वर्षे मिळत नाहीत. आपल्यास पावसाने नेमून दिलेली मुदत मिळते.

ह्या मुदतीत सर्वांत आधी अडते ते पंचनाम्यावर. वणव्याचे दिवस आणि वीटभट्ट्यांचे दिवस एकच. कातकरी व इतर भूमिहीन कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. घरास कूड लावून, कणगीत चार पायली धान्य ठेवून गेलेल्या माणसाचे घर चैत्रात जळते आणि त्यास ते ज्येष्ठात दिसते. तलाठी पंचनाम्यास येतो तेव्हा घरधनी हजर नसतो. शेजारी जे सांगेल ते लिहिले जाते, किंवा काहीच लिहिले जात नाही. अशा वेळी ज्याच्या शेतावर तो इसम खपतो त्या खातेदाराने स्वतः उभे राहून पंचनामा करवून घेतला पाहिजे. भट्टीवर निरोप धाडणे आता टेलिफोनमुळे मुळीच कठीण राहिलेले नाही.

आणि पंचनाम्यात कोणता शब्द पडतो ह्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपत्तीच्या निधीतून द्यावयाच्या मदतीचे जे दर केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ ह्या मुदतीकरिता ठरविले, त्यांत मैदानी भागातील पूर्ण पडलेल्या कच्च्या घरास १,२०,००० रुपये आहेत आणि झोपडीस ८,००० रुपये आहेत. कारवीच्या कुडाचे, मातीने लिंपलेले, वर कौले असलेले घर हे कच्चे घर होय. गवताचा किंवा प्लास्टिकच्या कापडाचा तात्पुरता आडोसा ही झोपडी. परंतु जळून गेल्यावर दोहोंची राख सारखीच दिसते, आणि वाडी म्हटली की झोपडी, असे लिहिण्याची लेखणीस सवय असते. एका शब्दाने एक लाख बारा हजारांचा फरक पडतो. म्हणून फुटकी कौले, चौथरा, जळक्या खांबांची बुडे ही पंचनामा व छायाचित्रे होईपर्यंत जागची हलवू नयेत. परतलेल्या माणसाचा हात पहिल्याने झाडूकडे जातो, हे स्वाभाविक आहे. पण तो थोडा आवरावा. दुभत्या गाईम्हशीस ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,००० व शेळीस ४,००० असे त्याच ठरावातील दर आहेत. घरास जोडलेल्या गोठ्यास अवघे ३,००० आहेत. साठविलेल्या पेंढ्यास वेगळे कलमच नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या काही वाचकांस रुचणार नाही; पण आम्हीही खातेदारच असल्यामुळे ती आम्हीच बोलावी हे बरे. आपल्या तालुक्यांतील पुष्कळ कातकरी वाड्या गावठाणात नाहीत. त्या कोणा ना कोणा खातेदाराच्या वरकस जमिनीच्या कडेस, एके काळी त्याच्याच कामाकरिता वसविलेल्या आहेत. जमिनीस पूर्वी किंमत नव्हती तोवर ह्याचे कोणास काही वाटले नाही. अलीकडे मुंबईकरांच्या बंगल्यांकरिता प्लॉट पडू लागले, समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा २०२५ साली खुला झाला, आणि डोंगराच्या पायथ्याची जी जमीन कोणी फुकट घेत नव्हते तिला गिऱ्हाईक आले. अशा वेळी वाडी जळाली तर, "आता पुन्हा येथेच कशाला बांधता, पलीकडे ओढ्याकाठी बांधा," असे म्हणण्याचा मोह होतो. म्हणणारा मनाचा दुष्ट असतो असे नाही. पण ओढ्याकाठची जागा श्रावणात पाण्याखाली जाते, तेथे रस्ता नसतो, वीज नसते, आणि जुन्या जागेवरील विजेचे बिल किंवा घरपट्टीची पावती हा जो काही पुरावा त्या कुटुंबाजवळ असतो तोही निरुपयोगी होतो. आगीने जे नेले नाही ते ह्या एका वाक्याने जाते.

कायदाही ह्या बाबतीत मुग्ध नाही. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने, कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्यास काढून लावण्यास मनाई केली आहे, आणि शेतमजूर व कारागीर ह्यांच्या घरांसही तेच संरक्षण दिले आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बळ आदिम जमातींपैकी एक. त्यांच्याकरिता २०२३ साली निघालेल्या प्रधानमंत्री जनमन योजनेत पक्क्या घरास दोन लाख रुपये ठेवले आहेत. अडचण येते ती पायाखालच्या जागेची. जागा आपली असल्याचे दाखविता आले नाही तर घरकुलही अडते. तेव्हा एखादी वाडी जळाली असता जमीनमालकाने त्या दोन-चार गुंठ्यांपुरते संमतिपत्र लिहून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वरकस जमिनीतील दोन-चार गुंठ्यांनी कोणा खातेदाराचे घर बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. उलट मजूर वाडीत राहिला तर लावणी वेळेवर होते, हा रोकडा हिशेबही ज्यास पाहावयाचा त्याने पाहावा.

येथे कोणी म्हणेल की, वणवा लावतो तोच कातकरी. ही सरसकट बोलण्याची पद्धत आम्हांस मान्य नाही. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, सशा-डुकरांच्या मागे लागून गवत पेटवितात, हे खरे. पण बांधावरचे गवत पेटवून घरी जेवावयास जाणारा खातेदार, राब भाजून पूर्ण न विझविता निघून जाणारा खातेदार, प्लॉट साफ करणारा ठेकेदार आणि मोटारीतून विडी फेकणारा प्रवासी हेही त्याच यादीत आहेत. राबाचा प्रश्न तर ह्या जिल्ह्यात इतका जुना आहे की, त्याकरिता झाडांच्या डहाळ्या तोडण्याच्या हक्कासह ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलाच्या तक्रारींची चौकशी करण्यास १८८५ साली सरकारास मंडळ नेमावे लागले. आज राबावाचून भात होत नाही असेही राहिलेले नाही. नेरळ येथील श्री. चंद्रशेखर भडसावळे ह्यांच्या सगुणा तंत्राने गादीवाफ्यावर थेट बी टोकून भात करणारे शेतकरी आपल्या शेजारी कर्जत तालुक्यात आहेत. त्यात रोपच नाही, मग राब कोठला? असो. हा स्वतंत्र विषय आहे.

राब आणि वणवा ह्यांची एक घोटाळ्याची समजूत मात्र येथेच दूर केली पाहिजे, कारण वणव्यानंतरच्या चुका तीतून होतात. राबाची राख खत होते, म्हणून डोंगराची राखही खत होईल असे पुष्कळांस वाटते. राबात शेण, पाला व गवत बाहेरून आणून वाफ्यावर भाजतात. वाफ्यास बांध असतो, राख जागच्या जागी राहते. उताराच्या वरकस जमिनीवर जी राख पडते ती पहिल्या दोन वळवांबरोबर ओढ्यास मिळते, आणि तिच्यामागून उघडी पडलेली मातीही जाते. आपल्याकडे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. गवताची मुळे व पाचोळा हेच त्या मातीचे पांघरूण. ते जळाले असता त्या वर्षी तरी अशा उतारावर नांगर घालू नये. नाचणी-वरी करावयाचीच असेल तर ती खालच्या पट्टीत करावी, आणि वर अर्धवट जळलेल्या काटक्या, करवंदीची झुडपे व दगड ह्यांचे आडवे, समपातळीत, गुडघाभर उंचीचे बांध वैशाखातच घालावेत. काम फुकटचे नाही, पण साहित्य फुकटचे आहे, आणि खालच्या खाचरात गोटे व रेती येऊन बसली म्हणजे ती काढण्यास जी मजुरी लागते तीपेक्षा हे खचित स्वस्त.

कलमांच्या बाबतीत घाई हाच शत्रू. साग, पळस, मोह ही झाडे आगीस सरावलेली आहेत; वरून काळी पडली तरी बुडातून किंवा खोडातून फुटतात. आंबा व काजू तशी नाहीत, विशेषतः पाच-सात वर्षांची पातळ सालीची कलमे. तरीही पाने करपली म्हणजे झाड मेले असे नव्हे. चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवट ओलावा असेल तर त्या झाडास हात लावू नये, खोडास चुन्याची निवळी फासावी म्हणजे पाने गेल्यामुळे सालीवर पडणाऱ्या उन्हाने ती फाटत नाही, आणि पाणी असेल तर आठवड्यास थोडे थोडे द्यावे. कोठवर जिवंत आहे हे पावसाळी फूट दिसल्यावरच नक्की कळते, आणि छाटणी तेव्हाच करावी. ह्याच दिवसांत जळाऊ लाकडाचा व्यापारी टेंपो घेऊन येतो आणि उभी बाग उक्ती मागतो. तो देतो ती रक्कम दुःखाच्या भरात बरी वाटते. आंबा, मोह, साग, ऐन, खैर ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हे त्या वेळी त्यास व स्वतःसही आठवून द्यावे. बहुवर्षायु पिकांस हेक्टरी २२,५०० रुपयांचा दर आहे खरा. पण तो क्षेत्रावर आहे, झाडाच्या वयावर नाही, आणि नवे कलम फळास येईपर्यंतच्या वर्षांची भरपाई त्यातून होत नाही.

गुरांविषयी थोडेच सांगतो. आगीतून सुटलेले जनावर त्या दिवशी धडधाकट दिसते, आणि चार-सहा दिवसांनी लंगडते. तापलेल्या जमिनीने खुराचा वरचा कडा भाजलेला असतो. कास व थाने रोज पाहावीत, आणि खोकला लागला तर पशुवैद्यास दाखविण्यास चुकू नये.

पाण्याचे मात्र विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण हा धोका नवा आहे. पॅराडाइज येथे आग विझल्यावर नळाच्या पाण्यात बेंझीन हे विषारी द्रव्य सापडले. जळालेल्या व तापलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांतून ते पाण्यात उतरले होते, आणि घर वाचलेल्यांसही त्या पाण्यामुळे दिवस काढणे कठीण झाले. आपल्या वाड्यांचे पाणी पूर्वी विहिरीचे किंवा झऱ्याचे होते. आता डोंगरातून काळी प्लास्टिकची नळी गवतावरूनच खाली आणलेली असते आणि छपराशेजारी प्लास्टिकची टाकी बसविलेली असते. वणवा पहिल्याने गाठतो तो तिलाच. वितळलेला तुकडा कापून उरलेली नळी जोडून टाकण्याची आपली रीत आहे; ती ह्या एका प्रसंगी सोडावी. आग जेथवर पोचली तेथवरची सबंध नळी बदलावी, आणि पाण्यास जळक्या प्लास्टिकचा किंवा रॉकेलसारखा वास येतो तोवर ते पिऊ नये. उकळून हा दोष जात नाही. विहिरीत राख पडली असेल तर ती वरची वर काढून, पाणी उपसून, नव्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकावी.

सरकारने काय करावे हे लिहिण्यास आमची लेखणी नेहमी तयार असते. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीची सूचना मोबाईलवर पाठविते व नाव नोंदविणाऱ्या कोणाही नागरिकास ती मिळते, ही उत्तम सोय आहे. तिचा उपयोग गावोगावी दोन-दोन तरुणांनी करून घ्यावा. परंतु उपग्रह पेंढा देत नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे सरकारी ठरावातही पेंढ्याचे नाव नाही. हे काम शेतकऱ्यांचे शेतकऱ्यांनीच करावयाचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे मेली. किल्मोर ईस्ट येथील केविन व रोंडा बटलर ह्या शेतकरी दांपत्याची कुंपणे त्यात जळाली; मेंढरे होती, पण त्यांस अडवून ठेवण्यास तार राहिली नव्हती. शेजारी व ओळखीचे लोक जमले आणि कुंपण उभे राहिले. मग तेच लोक दुसऱ्याच्या शेतावर गेले. त्यातून 'ब्लेझएड' ही संस्था निघाली, आणि पुढील वणव्यांत व महापुरांतही स्वयंसेवकांनी शेतकऱ्यांची कुंपणे बांधून दिली. सगळे संकट निवारण्याचा आव त्यांनी आणला नाही. ज्या एका गोष्टीवाचून शेतकरी अडतो ती त्यांनी हेरली.

आपल्याकडे ती गोष्ट पेंढा आहे, असे आम्हांस वाटते. उडवी जळाली की शेतकरी बैल विकतो, आणि चैत्रात विकलेला बैल मृगात त्या किमतीस परत मिळत नाही. पॉवर टिलर भाड्याने मिळतो हे आम्ही जाणतो; पण सगळ्यांस एकाच आठवड्यात हवा असतो, आणि ज्याची उडवी जळाली त्यास तो शेवटी मिळतो. दुभत्या म्हशीची गोष्ट तर टिलरने सुटतच नाही. एका बैलास दिवसास सहा किलो सुका चारा धरला आणि मार्चअखेरीपासून हिरवे गवत हाती लागेपर्यंत नव्वद दिवस धरले, तर जोडीस सुमारे अकराशे किलो लागतो. शंभर सभासदांनी प्रत्येकी अर्धा क्विंटल बाजूस ठेवला तर पाच टन होतात, म्हणजे चार जोड्या निभावतात. ज्या वर्षी वणवा आला नाही त्या वर्षी तो पेंढा ज्येष्ठात विकून पैसे बियाण्याच्या खात्यास जमा करता येतील. त्या दिवसांत पेंढ्यास भावही बरा असतो.

हा साठा एका जागी करू नये, दोन तरी कराव्यात. घरांपासून व एकमेकांपासून दूर, भोवती दहा हात जमीन नांगरून उघडी ठेवलेली. वाटप करताना सभासद आणि बिगरसभासद असा भेद ठेवू नये. जळालेल्या वाडीतील शेळ्यांसही त्यातून मिळावे. त्याबरोबर पन्नास बांबू, काही ताडपत्र्या आणि भाताचे एक-दोन क्विंटल बी राखून ठेवता आले तर फारच उत्तम, पण पेंढ्यापासून आरंभ करावा. आपल्या संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा प्रश्न कोणा सभासदाने लेखी मांडावा, अशी आमची विनंती आहे. सभा पावसाळ्यातच झाली पाहिजे. पेंढा बाजूस काढावयाचा तो कार्तिकात मळणीच्या वेळीच, खळ्यावरून. चैत्रात मागावयास गेले तर कोणाजवळच तो शिल्लक नसतो.